मोटर लावण्याआधी हाताने हलवून पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टेबलाचा सपाट पृष्ठभाग डोंगरासारखा वर येतो आणि त्यावरचा चेंडू खुंट्यांच्या लाटेवरून आपोआप घरंगळत जातो, अशी दृश्ये आणि त्यांवरचे लेख अधूनमधून वाचकांसमोर येतात. आकार बदलणाऱ्या इंटरफेसचा, म्हणजे माणसाशी संवाद साधताना स्वतःचा आकार बदलणाऱ्या यंत्रांचा, विषय मराठी वृत्तपत्रांत येतो याचा आनंदच आहे. पण या लेखनात यंत्र पूर्ण झाल्यानंतरचा क्षण तेवढा दिसतो. ते वाचून डिझाइनचे आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी पहिल्याच दिवशी शंभर मोटरींची यादी करतात. पुढे बहुतेक खुंट्या अडकून बसतात, आणि मूळ कल्पना चांगली होती की वाईट, हे कळण्याआधीच काम सोडून दिले जाते. अशा इंटरफेसचे काम हाताने हलवायच्या नमुन्यापासून सुरू व्हावे आणि मोटर अगदी उशिरा यावी, एवढ्यासाठी हे पत्र. आकडे आणि कारणे मुद्दाम तपशिलात देत आहोत, म्हणजे कोणालाही ती पडताळून पाहता येतील.

कल्पना जुनी आहे. संगणक ज्या खोलीत प्रत्यक्ष वस्तूंवरच ताबा ठेवू शकेल अशा खोलीचे वर्णन इव्हान सदरलँड यांनी १९६५ मध्येच केले होते. २००१ च्या सुमारास जपानमध्ये हिरो इवाता यांच्या गटाने लवचीक पडद्याखाली ३६ दट्टे बसवले. २००४ मध्ये 'ल्युमेन' या नमुन्यात १३ बाय १३ ठिपके आकार लक्षात ठेवणाऱ्या मिश्रधातूने वर-खाली होऊ लागले. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये हिरोशी इशी यांच्या गटाने २०१३ मध्ये 'इनफॉर्म' दाखवला. त्यात ३० बाय ३०, म्हणजे ९०० खुंट्या, आणि प्रत्येकीची चाल १०० मिमी. यातला शिकण्यासारखा भाग टेबलाच्या खाली आहे. खुंटी सुमारे साडेनऊ मिमीची आणि शेजारच्या खुंटीपासून अंतर तीन मिमीच्या आसपास. एवढ्या जागेत मोटर मावत नाही. म्हणून मोटरी बाजूला पसरून ठेवल्या आणि ढकल-ओढ करणाऱ्या लवचीक दांड्यांनी हालचाल वर नेली. पृष्ठभाग जेमतेम ३८१ मिमी चौरस, आणि त्याला हलवणारा पसारा मात्र त्याच्या कितीतरी पट मोठा. लेखातल्या छायाचित्रात हा पसारा दिसत नाही.

आता पहिला प्रश्न. आकार का बदलायचा? २०१२ मध्ये रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या कामाचा आढावा घेऊन बदलाचे आठ प्रकार मांडले: दिशा, रूप, आकारमान, पोत, घट्टपणा किंवा पातळपणा, अवकाशातली मांडणी, भागांची भर किंवा वजाबाकी, आणि पारगम्यता. नवशिके यातल्या उंचीलाच चिकटून बसतात, कारण खुंटी वर-खाली करणे सुचायला सोपे असते. तापमान वाढले की मूठ खरखरीत होते, यात पोत बदलतो. वापरता न येणारे बटण मऊ पडते, यात घट्टपणा बदलतो. नजर दुसरीकडे गुंतलेली असते तिथे हे प्रकार उंचीपेक्षा जास्त उपयोगी पडतात. गाडी चालवताना, अंधारात काम करताना, किंवा मुळातच डोळ्यांनी न पाहणाऱ्या माणसासाठी. कसोटी सोपी आहे. नमुन्यावर कापड टाका आणि हात कापडाखाली घाला. स्थिती हाताला ओळखता आली नाही, तर ते काम दिव्याने किंवा आवाजाने करावे. ते स्वस्तही पडते आणि टिकतेही.

कल्पना कागदावर उतरवताना एक वाक्य पूर्ण करावे: अमुक घडले की हा भाग इतके मिलिमीटर, इतक्या वेळात हलेल, मग माणूस हे करेल, आणि माणसाने तो भाग उलट दाबला तर असे होईल. वाक्याचा शेवटचा तुकडा जवळजवळ सगळेच विसरतात. पडद्यावरचे चित्र बोटाला विरोध करत नाही, वर आलेली खुंटी करते. ती मागे हटणार, तशीच उभी राहणार, की दाबणे हा आदेश समजणार, हे आधी ठरले नाही तर मोटर निवडताच येत नाही.

त्यानंतर हाताने हलणारा नमुना. जाड कार्डशीट, दोरा, स्ट्रॉ आणि सिरिंज पुरतात. १० मिलीच्या दोन सिरिंज नळीने जोडून त्यांत पाणी भरले की एका टोकाला दाबलेले दुसऱ्या टोकाला तेवढेच वर येते. नळीत हवा भरू नये. हवा दबते, दुसरे टोक उशिरा आणि कमी हलते, आणि बोटाने दाबल्यावर स्प्रिंगसारखे मागे येते. पाणी भरताना बुडबुडा राहिला तरी हाच दोष दिसतो, म्हणून दोन्ही सिरिंज पाण्यात बुडवूनच नळी लावावी. टेबलाखाली एक जण सिरिंज चालवतो, वर बसलेल्याला यंत्र आपोआप हलते असे वाटते. या पद्धतीने एका दुपारी वीस कल्पना तपासून होतात. मोटर लावल्यावर एकीला महिना लागतो.

या टप्प्यावर मोजमाप घ्यायचेच. उंची २, ५ आणि १० मिमी ठेवून पाहावी. वेळ पाव, अर्धा, एक आणि दोन सेकंद. बदल नेमका कुठे जाणवतो, कुठे दचकायला होते, कुठे कंटाळा येतो, हे लिहून ठेवावे. आदेशानंतर ०.१ सेकंदाच्या आत काहीतरी हलायला लागले तर ते तात्काळ वाटते. पूर्ण चाल संपायला नंतर वेळ लागला तरी चालते. बळही मोजावे. संगणकाच्या कळफलकाची कळ साधारण अर्ध्या न्यूटनला खाली जाते. म्हणून बोटाला ठाम वाटायला हवी असलेली खुंटी निदान १ न्यूटन, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम भार, न हटता पेलणारी हवी. समजा १० मिमी चाल अर्ध्या सेकंदात आणि १ न्यूटन बळ असे उत्तर आले. तर २० मिमी प्रति सेकंद वेग आणि त्या बळाच्या तिप्पट क्षमता असलेली यंत्रणा शोधायची. आता कुठे कॅटलॉग उघडायची वेळ आली.

सुरुवातीच्या नमुन्यासाठी छोटी सर्व्हो मोटर, म्हणजे सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी मोटर, बरी; उदाहरणार्थ ९ ग्रॅमची एसजी-९०. ती अर्धा फेरा फिरते. तिला १ मॉड्यूलचे (मॉड्यूल हे दाताच्या आकाराचे माप) २० दातांचे पिनियन, म्हणजे छोटे दातेरी चाक, लावले तर त्याचा व्यास २० मिमी येतो आणि अर्ध्या फेऱ्यात रॅक, म्हणजे खुंटीला जोडलेली सरळ दातेरी पट्टी, ३१.४ मिमी सरकतो. कागदोपत्री बल-आघूर्ण, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क), १.८ किलो-सेंमी असते. १० मिमी त्रिज्येवर ते १.८ किलो होते, पण मोटर कायम त्या टोकाला चालवली तर प्लॅस्टिकचे दात झिजतात. एक तृतीयांशावर हिशेब धरावा: ६०० ग्रॅम. आपल्या गरजेच्या सहापट, म्हणजे पुरेसे. सर्व्होचे कान धरून लांबी ३२ मिमी होते, म्हणून पहिल्या ५ बाय ५ नमुन्यात खुंट्या ४० मिमी अंतरावर ठेवाव्यात. पृष्ठभाग २०० मिमी चौरस होतो. अंतर कमी हवे असेल तर मोटरी बाजूला नेऊन थ्रीडी प्रिंटरची १.७५ मिमी फिलामेंट २ मिमी आतल्या व्यासाच्या पीटीएफई (टेफ्लॉन) नळीतून दांडीसारखी वापरता येते. मात्र नळी दोन्ही टोकांना घट्ट आवळलेली हवी आणि वळण जितके मोठे तितके चांगले. नळी मोकळी असेल तर फिलामेंटऐवजी नळीच हलते आणि खुंटी जागच्या जागी राहते.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते. आधी एकच खुंटी करा. पंचवीस नव्हे. तिच्यातला प्रत्येक दोष पुढे पंचवीसने गुणला जातो.

आणि त्या एका खुंटीत सर्वांत जास्त त्रास देते ती मार्गदर्शक नळी. माणूस खुंटीच्या मधोमध दाबत नाही, कडेला दाबतो. ड्रॉवर एका कोपऱ्याला धरून ओढला की तिरका होऊन अडकतो, तेच इथे घडते. उपाय लांबीत आहे. खुंटी ज्या भोकातून जाते त्याची खोली खुंटीच्या जाडीच्या निदान दुप्पट हवी. १५ मिमीच्या खुंटीला ३० मिमी. तेवढी जाडी नसेल तर ३० मिमी अंतरावर दोन पातळ पट्ट्या आणि दोन्हींत नेमके एकाखाली एक भोक, हेही चालते. प्रत्येक बाजूला ०.२ ते ०.३ मिमी मोकळीक ठेवावी. त्याहून कमी ठेवली तर छापील भागाच्या ओबडधोबड कडा घासतात, जास्त ठेवली तर खुंटी डुलते आणि रॅकचे दात पिनियनवरून निसटतात. खुंटी थ्रीडी प्रिंटरवर उभी छापू नये. थरांच्या रेषा चालीला आडव्या येतात आणि करवतीसारख्या अडतात. आडवी छापली की रेषा चालीच्या दिशेने जातात. वंगण सिलिकोन ग्रीसचे, तेही बोट फिरवण्यापुरते.

मग ती एक खुंटी चालू ठेवून जा. वर-खाली एक फेरी २ सेकंदांची धरली तर १०,००० फेऱ्यांना साडेपाच तास लागतात. खुंटीच्या डोक्यावर १०० ग्रॅमचे वजन ठेवा, आणि ते कडेला ठेवा, मध्यभागी नाही. परत आल्यावर तीन गोष्टी पाहायच्या: पिनियन सर्व्होच्या दांड्यावर सैल झाले का, रॅकच्या एकाच भागातले दात गुळगुळीत झाले का, मोटर हाताला चटका बसेल इतकी तापली का. पिनियन सैल होणे नेहमीचे आहे, कारण मधला स्क्रू लावायचा राहतो किंवा थ्रेड प्लॅस्टिकमध्येच निघालेला असतो. मोटर तापली तर ती बहुधा टोकाला अडून ढकलत बसलेली आहे. सर्व्होला कोन सांगितला जातो तो विजेच्या स्पंदाच्या लांबीने, आणि प्रत्येक सर्व्हो पूर्ण १८० अंश फिरतेच असे नाही. म्हणून प्रत्येकीची दोन्ही टोके, साधारण ६०० ते २४०० मायक्रोसेकंदांच्या पल्ल्यात, वेगवेगळी मोजून घ्यावी आणि दोन्हीकडे ५ अंश राखून ठेवावेत.

खुंटी टिकली की जाळी. एकाच वेळी अनेक सर्व्होंना स्पंद पाठवणारा पीसीए९६८५ चा १६ वाहिन्यांचा बोर्ड सोयीचा पडतो. २५ सर्व्होंना दोन लागतात. दुसऱ्या बोर्डावरचा ए० हा पत्ता बदलणारा जोड सोल्डरने जोडायचा राहिला तर दोन्हींचा पत्ता एकच राहतो, आणि दुसऱ्या बोर्डावरच्या ९ खुंट्या पहिल्यावरच्या पहिल्या ९ खुंट्यांची हुबेहूब नक्कल करतात. प्रोग्रॅममध्ये चूक शोधत दिवस घालवण्याआधी तो जोड पाहावा. बोर्डाची सूक्ष्मता भरपूर आहे: ५० हर्ट्झला एक पायरी सुमारे ४.९ मायक्रोसेकंद, म्हणजे आपल्या रॅकवर ०.०९ मिमीच्या आसपास. दातांमधली ढिलाई सहज अर्धा मिमी असते. प्रोग्रॅममध्ये दशांश चिन्हापुढचे आकडे वाढवून ती जात नाही. खुंटीखाली हलकी स्प्रिंग लावून दात नेहमी एकाच बाजूला टेकलेले ठेवले की जाते.

विजेकडे दुर्लक्ष झाले तर जाळी पहिल्याच मिनिटाला बंद पडते. अडलेली एसजी-९० सुमारे ०.७ अँपिअर ओढते. पंचवीस एकदम सुटल्या तर क्षणभर १७ अँपिअरच्या पुढे मागणी जाऊ शकते. कंट्रोलर बोर्डाच्या, म्हणजे आदेश देणाऱ्या छोट्या संगणकाच्या, ५ व्होल्ट पिनवरून हे चालवायला गेले की व्होल्टेज कोसळते, कंट्रोलर पुन्हा सुरू होतो, सुरू होताच सगळ्या खुंट्यांना मूळ जागी जाण्याचा आदेश देतो, त्याने व्होल्टेज परत कोसळते. बाहेरून पाहणाऱ्याला यंत्र उचकी लागल्यासारखे दिसते. सर्व्होंसाठी ५ व्होल्ट, १० अँपिअरचा स्वतंत्र पुरवठा घ्यावा. प्रत्येक बोर्डाजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा, आणि दोन्ही बोर्डांना जाड तारा पुरवठ्यापासून वेगवेगळ्या न्याव्यात. ब्रेडबोर्डवरून हा प्रवाह नेऊ नये. आतल्या पट्ट्या तापून भोवतीचे प्लॅस्टिक वितळते. कंट्रोलरचा आणि मोटरींचा ग्राउंड मात्र एकत्रच जोडायचा, नाहीतर सर्व्हो वाऱ्यावर सोडल्यासारख्या थरथरतात. आणि दोन खुंट्यांच्या सुरुवातीत ३० मिलिसेकंदांचे अंतर ठेवावे. २५ खुंट्यांना पाऊण सेकंद लागतो, मागणी विभागली जाते, आणि पृष्ठभागावरून लाट गेल्याचा देखणा परिणाम फुकट मिळतो.

सर्व्होची गुणगुण हा वेगळाच विषय. जागेवर पोचल्यावर आदेशाचे स्पंद थांबवले की साधी सर्व्हो गप्प होते आणि खुंटीचे स्वतःचे वजन गिअरच्या घर्षणावर तोलले जाते. पण मग बोटाने दाबल्यावर ती मुकाट्याने खाली जाते. म्हणून स्थिती वाचणे आलेच. एसजी-९० च्या आत पोटेन्शिओमीटर, म्हणजे दांड्याबरोबर फिरून बदलणारा रोध, असतो. त्याच्या मधल्या पायाला तार जोडून बाहेर काढली की खरी जागा वाचता येते. सांगितलेल्या आणि खऱ्या जागेत फरक दिसला म्हणजे हात आला. स्पर्श ओळखायचा दुसरा मार्ग म्हणजे खुंटीच्या डोक्यावर तांब्याची टेप आणि एमपीआर१२१ सारखी १२ वाहिन्यांची चिप. तिथे सर्व्होच्या तारा जवळून गेल्या तर खोटे स्पर्श नोंदले जातात. खुंटी स्थिर असतानाच स्पर्श वाचावा.

ज्यांना तारांचे हे जंजाळ टाळायचे असेल त्यांनी लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांचे २०१५ चे 'शेपक्लिप' पाहावे. प्रत्येक सुटे मॉड्यूल साध्या संगणकाच्या पडद्यावर ठेवायचे. खालच्या पडद्याचा उजेड ते प्रकाश-संवेदकाने वाचते आणि त्यानुसार आपली उंची ठरवते. पडद्यावर रंगवलेले चित्र हाच आदेश. डिझायनरला इलेक्ट्रॉनिक्सपासून मोकळे करण्याचा इतका सरळ मार्ग क्वचितच सापडतो.

मोटरीचा आवाजच नको असेल तर निकेल-टायटॅनियमची तार, नितिनॉल. ती तापली की आखडते. ०.१५ मिमी व्यासाच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ५५ ओहम, ओढ ३२० ग्रॅमच्या आसपास आणि लागणारा प्रवाह ४१० मिलिअँपिअर. २०० मिमी तुकड्याला ११ ओहम, म्हणजे साडेचार व्होल्ट पुरतात. चार टक्के आखडली तर चाल मिळते ८ मिमी. एकास तीन तरफ लावली तर २४ मिमी, पण बळ तिसऱ्या हिश्श्यावर येते: साधारण १ न्यूटन. म्हणजे आपल्या किमान गरजेच्या काठावर. शिवाय आखडायला एक सेकंद लागला तरी थंड व्हायला दोन लागतात, आणि थंड झाल्यावर तार आपण होऊन लांब होत नाही. तिला परत ताणणारी स्प्रिंग हवीच. हे न कळल्यामुळे अनेक नमुने एकदाच हलतात. तारेला सोल्डर करू नये. सोल्डर तिच्या पृष्ठभागावर धरत नाही, आणि जोर करून तापवले तर तेवढ्या भागाचा गुणधर्म जातो. पितळी नळीचा छोटा तुकडा चेपून जोड करावा. आखडून झाल्यावर पूर्ण प्रवाह चालू ठेवला तर तार अति तापून कायमची सैल पडते, म्हणून पुढे प्रवाह स्पंदांनी कमी करावा. ताण चारऐवजी तीन टक्क्यांवर थांबवला तर आयुष्य बरेच वाढते. तारेचे तापमान ७० ते ९० अंशांवर जाते, तेव्हा ती बोटापर्यंत पोचणार नाही अशी बसवावी.

मऊ, फुगणारे पृष्ठभाग सिलिकोनचे करतात. इकोफ्लेक्स ००-३० सारख्या दोन भागांच्या सिलिकोनचे प्रमाण एकास एक असते. मिसळल्यावर ४५ मिनिटे हातात मिळतात आणि घट्ट व्हायला चार तास. साचा दोन भागांत: एकात वरचा थर, ज्यात हवेच्या खोल्या आहेत आणि ज्याच्या भिंती २ ते ३ मिमी जाड आहेत, दुसऱ्यात सपाट तळ, ज्यात कापड किंवा कागद बुडवलेला असतो. हे कापडच आकार ठरवते. तळ ताणला जात नाही, वरचा थर मात्र ताणला जातो, म्हणून फुगलेला भाग तळाच्या बाजूला वळतो. दोन्ही थर जोडायला न वाळलेल्या सिलिकोनचा पातळ हात द्यावा. जास्त दिला तर ते खोल्यांत उतरून हवेची वाट बुजवते, कमी दिला तर पहिल्याच फुगवणीला शिवण सुटते.

सिलिकोन चिकटच राहिले तर बहुधा प्रमाण चुकलेले नसते. इकोफ्लेक्ससारखे प्लॅटिनमवर घट्ट होणारे सिलिकोन गंधकाने आणि इतर काही रसायनांनी बिघडते. लॅटेक्सचे हातमोजे, गंधकयुक्त मॉडेलिंगची माती आणि रेझिन प्रिंटरवर छापलेले साचे ही नेहमीची कारणे. पीएलए प्लॅस्टिकचे साचे आणि व्हिनाइलचे हातमोजे वापरावेत. ओतण्याआधी मिश्रण निर्वात भांड्यात दोन-तीन मिनिटे ठेवावे. बुडबुडा राहिला तर भिंत तिथे पातळ होते आणि फुगवताना नेमका तोच ठिपका फुग्यासारखा बाहेर येऊन फुटतो. नळीचा जोड सर्वांत जास्त गळतो: १० मिमी जाडीचा भरीव ठोकळा ठेवून त्यात नळीच्या बाहेरच्या व्यासाहून लहान भोक करावे आणि नळी दाबून बसवावी. गळती कानाने शोधू नये, भाग पाण्यात बुडवावा.

हवेसाठी छोटा डायफ्राम पंप, तीन तोंडांचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडझाप होणारी झडप) आणि दाबाचा संवेदक. इतक्या मऊ सिलिकोनला १० ते ३० किलोपास्कल खूप झाले. ५० किलोपास्कलपर्यंत वाचणारा एमपीएक्स५०५० प्रत्येक किलोपास्कलला ९० मिलिव्होल्ट देतो, सरळ कंट्रोलरला जोडता येतो. व्हॉल्व्हच्या गुंडाळीवर उलटा १एन४००७ डायोड नसेल तर ती बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका मॉसफेट, म्हणजे व्हॉल्व्हची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, जाळतो. मॉसफेट घेताना नाव नीट वाचावे. आयआरएफझेड४४एन ५ व्होल्टवर पूर्ण उघडत नाही आणि तापतो, आयआरएलझेड४४एन उघडतो. नावात एका अक्षराचा फरक. मॉसफेटच्या गेटला, म्हणजे आदेश घेणाऱ्या पायाला, १० किलोओहमचा रोध ग्राउंडकडे लावला नाही तर कंट्रोलर सुरू होईपर्यंत व्हॉल्व्ह मनमानी करतो. व्हॉल्व्हची दिशा अशी ठेवावी की वीज गेली की हवा बाहेर पडेल. फुगणे पंपाच्या जोरावर होते, रिकामे होणे केवळ रबराच्या ताणावर; म्हणून उतरायला जास्त वेळ लागतो. हा वेळ सहन होत नसेल तर ओढणारा दुसरा पंप लावावा. आणि नवा भाग मोजमापाआधी दहा वेळा पूर्ण फुगवून सोडावा. पहिल्या काही फेऱ्यांत सिलिकोन पुढच्यापेक्षा कडक वागते, त्यामुळे पहिल्या फुगवणीवर बसवलेले आकडे दुसऱ्या दिवशी चुकतात.

प्रोग्रॅमबद्दल थोडक्यात. उंचीचे कोष्टक ठेवावे, प्रोग्रॅमच्या एका आवर्तनात उंची किती बदलू शकते याला मर्यादा घालावी, आणि आदेशातला एक-दोन मिमीचा फरक सरळ दुर्लक्षावा. नाहीतर संवेदकाच्या किंचित थरथरीने सगळा पृष्ठभाग रात्रंदिवस कुरकुरत राहतो. सुरू झाल्यावर पहिला आदेश येईपर्यंत काहीही हलू नये.

सुरक्षेचा विचार शेवटी टाकला जातो, म्हणून ठाम सांगतो. वर-खाली होणाऱ्या दोन भागांमधली फट अशी हवी की बोट आत जाणारच नाही, किंवा गेले तर चिरडणार नाही. बोटासाठी आयएसओ १३८५४ मानकात किमान फट २५ मिमी दिलेली आहे. मधल्या मापाची, म्हणजे बोट जाईल पण निघणार नाही अशी फट सर्वांत वाईट. थांबवण्याचे लाल बटण मोटरींची वीज तोडणारे असावे. प्रोग्रॅमला विनंती करणारे बटण उपयोगाचे नाही, कारण गडबड होते तेव्हा प्रोग्रॅमच अडकलेला असतो.

चाचणीतली एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यामुळे निष्कर्षच उलटतात. माणसे आकार ओळखत नसतात, मोटरीचा आवाज ओळखत असतात. पाच मिमीला छोटा आवाज, वीस मिमीला लांब आवाज. कान लगेच शिकतो. म्हणून पडद्यामागे हात घालायला लावावा, कानांवर हेडफोन लावून त्यात सलग खरखर सोडावी, आणि स्थिती न सांगता ओळखायला लावावी. सुरुवातीला काहीच समजावून सांगू नये. माणूस पहिला हात कुठे ठेवतो आणि काय दाबतो, ते नुसते पाहावे. ज्या भागाला त्याने हातच लावला नाही, तो हलवण्याचा खर्च पुढच्या नमुन्यात वाचतो.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहून येईल तेव्हा लेखकाने निर्मात्यांना चार-पाच गोष्टी विचाराव्यात अशी विनंती आहे. चाल किती मिमी आणि किती सेकंदांत? बोटाने दाबल्यावर किती भार पेलतो, आणि पेलवत नाही तेव्हा काय करतो? स्थिर उभा असताना किती वॅट खातो? किती फेऱ्यांनंतर पहिला भाग बदलावा लागला? आणि व्हिडिओ खऱ्या वेगाने चालवला आहे का? हे शेवटचे विशेषतः तारेच्या आणि हवेच्या नमुन्यांबाबत जरूर विचारावे. तिथे थंड होण्याचा आणि रिकामे होण्याचा वेळ कापून टाकला की यंत्र दुप्पट चपळ दिसते.

आपले,
आकार बदलणाऱ्या इंटरफेसचे नमुने बनवणारे काही वाचक